अशुद्धी ठेवण्याची जागा

भारतीय धर्मविचारात शुद्धीच्या प्रश्नाइतकी सविस्तर चर्चा फार थोड्या प्रश्नांची झाली असेल. भांडी, वस्त्रे, धान्य, भूमी, पाणी आणि देह यांच्या शुद्धीचे वेगवेगळे विधी धर्मशास्त्रकारांनी सांगितले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर शुद्ध करणाऱ्या गोष्टींची गणनाच केलेली असून तीत ज्ञान, तप, मन यांच्या जोडीला अग्नी, माती, पाणी, वायू, सूर्य आणि काळ यांची नावे येतात. या गणनेच्या मुळाशी एक गृहीत आहे. मळ किंवा विटाळ काहीही असो, तो महाभूतांच्या स्वाधीन केला की कधी ना कधी संपतो. जे अग्नीला जळत नाही ते माती कुजवते, मातीत जे राहते ते पाणी वाहून नेते आणि पाण्याला जे जमत नाही ते काळ करतो. निसर्गाने हे गृहीत हजारो वर्षे खरे करून दाखविले, म्हणून ते तपासून पाहण्याची गरज कोणाला भासली नाही.

या विचाराची दुसरी बाजू विसरता येत नाही. मळ संपतो असे मानल्यावर तो संपेपर्यंत कुठे ठेवायचा हा प्रश्न उरतो आणि मराठी मुलखाने त्याला दिलेले उत्तर गावकुसाबाहेर हे होते. मेलेले ढोर, राख, विष्ठा हे सारे ‘बाहेर’ गेले आणि ते वाहून नेणारी माणसेही बाहेर ठेवली गेली, म्हणजे जी जागा गावाच्या दृष्टीने टाकाऊ होती ती कोणाच्या तरी घराची जागा होती. ‘बाहेर’ म्हणून जिचा उल्लेख होतो ती जागा रिकामी असते, हा समज संत चोखोबांच्या काळीही खोटा होता. विसाव्या शतकात माणसाने असे पदार्थ तयार केले की त्यांच्यापुढे शुद्धीच्या परंपरागत विचारातले वरचे दोन्ही आधार, म्हणजे महाभूते मळ संपवतात हा विश्वास आणि तो ठेवायला बाहेर जागा आहे ही सोय, एकाच वेळी निकामी ठरले.

हे पदार्थ म्हणजे पर- आणि पॉलिफ्लुरोअल्किल पदार्थ. त्यांच्या लांबलचक नावाऐवजी सर्वत्र पीएफएएस हे आद्याक्षरी नाव वापरले जाते. ज्यांच्या रेणूत किमान एका कार्बन अणूवरील हायड्रोजनच्या सर्व जागा फ्लोरीनने घेतलेल्या असतात, असे हजारो मानवनिर्मित पदार्थ या कुळात मोडतात. कार्बन आणि फ्लोरीन यांच्यातील बंध हा कार्बनी रसायनशास्त्रातला सर्वांत बळकट एकेरी बंध असून तो तोडण्यास मोलमागे सुमारे ४८५ किलोज्यूल ऊर्जा लागते. रेणूला पाणी आणि तेल दोन्ही दूर सारण्याचा, उष्णता व आम्ल सोसण्याचा गुण या बंधामुळे येतो, आणि निसर्गात न मोडण्याचा दोषही त्यामुळेच येतो. १९३८ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना टेफ्लॉनचा शोध अपघाताने लागला. १९५१ पासून त्याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्ग येथील कारखान्यात टेफ्लॉन बनविताना पीएफओए हे आठ कार्बनांच्या साखळीचे आम्ल वापरले जाऊ लागले. पुढे या कुळातले पदार्थ आग विझविण्याच्या फेसात, न चिकटणाऱ्या भांड्यांत, पाणी न धरणाऱ्या कापडात, तेल न शोषणाऱ्या कागदात, क्रोमचा मुलामा देण्याच्या कामात आणि अर्धवाहकांच्या कारखान्यांत पोचले.

शुद्ध करणाऱ्यांची वरील गणना या पदार्थांपुढे ठेवून पाहणे उद्बोधक आहे. सूर्यप्रकाशाने पीएफओए किंवा त्याचा गंधकयुक्त भाऊबंद पीएफओएस यांचा बंध तुटत नाही. मातीतले जिवाणू उपयोगी पडेल अशा वेगाने त्यांना खाऊ शकत नाहीत. वायू त्यांना उडवून लांब नेतो. पाण्यात ते विरतात आणि उकळणे, तुरटी फिरविणे, क्लोरीन घालणे या घरगुती वा नगरपालिकेच्या नेहमीच्या उपायांनी पाणी त्यांच्यापासून मुक्त होत नाही. काळाचे वागणे तर सर्वांत विपरीत आहे, कारण या कुळातले अनेक गुंतागुंतीचे पदार्थ काळाच्या ओघात अर्धेमुर्धे मोडतात आणि मोडून पीएफओएसारख्या पुढे मुळीच न मोडणाऱ्या आम्लांतच रूपांतरित होतात. काळ गेला की दूषण कमी होते हा अनुभव येथे उलटा होतो. अग्नी तेवढा उरतो. परंतु त्यालाही हजार अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान आणि पुरेसा वेळ द्यावा लागतो. उकिरड्याच्या किंवा वीटभट्टीच्या आगीत हे पदार्थ अर्धवट जळतात आणि त्यातून निघू शकणाऱ्या वायूंपैकी कार्बन टेट्राफ्लुराइड हा वातावरणात सुमारे ५० हजार वर्षे टिकतो.

मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात या रसायनांचा कारखाना नाही. हा जिल्हा हळदीचा, सोयाबीनचा आणि कापसाचा आहे. तरीही या प्रश्नाचा तात्त्विक गाभा जितक्या स्पष्टपणे या जिल्ह्यातील परंपरेत मांडला गेला आहे तितका तो क्वचितच इतरत्र आढळेल. कयाधू नदीकाठचे नर्सी हे परंपरेनुसार संत नामदेवांचे जन्मगाव, आणि तेथून जवळच असलेले औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र त्यांच्या गुरुभेटीचे स्थान. तेथे विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पहुडले होते, नामदेवांनी त्याला आक्षेप घेतला, तेव्हा जिथे देव नाही अशा जागी आपले पाय उचलून ठेवावेत असे विसोबांनी त्यांना सांगितले. नामदेव पाय ठेवू लागले आणि जिथे जिथे पाय टेकले तिथे तिथे लिंग प्रकट झाले, अशी ही सर्वश्रुत कथा आहे. वारकरी कीर्तनात तिचा अर्थ सर्वव्यापी ईश्वराचा साक्षात्कार असा सांगितला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु विसोबांनी नामदेवांना सिद्धान्त सांगितला नाही, एक काम सांगितले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पाय कुठे तरी ठेवायचे आहेतच. ते ठेवण्यास योग्य अशी देवाविना असलेली जागा शोधून काढ, असे ते काम होते, आणि शोधणाऱ्याच्या हाती अशी जागा लागली नाही.

याच जिल्ह्यातील शिरड शहापूर येथे मल्लिनाथांचे दिगंबर जैन मंदिर आहे, आणि जैन आचारधर्माने जवळजवळ हेच काम साधूच्या रोजच्या आचरणात आणून ठेवले आहे. जैन साधूने पाळावयाच्या पाच समितींपैकी, म्हणजे सावधपणे वागण्याच्या पाच नियमांपैकी, शेवटची उत्सर्ग समिती होय. तिलाच प्रतिष्ठापना असेही म्हणतात. मल, मूत्र किंवा टाकावयाची कोणतीही वस्तू साधूने जिथे जीव नाही अशी जागा डोळ्यांनी नीट पाहून आणि झाडून मगच टाकावी, असा तो नियम. चालणे, बोलणे, अन्न घेणे यांच्या पंक्तीला टाकणे ही क्रियाही नैतिक म्हणून बसविणारा दुसरा आचारधर्म सहज सापडत नाही. आधुनिक संस्कृतीने घेणे आणि वापरणे यांची शास्त्रे रचली, टाकण्याला मात्र नीतीच्या कक्षेत स्थान दिले नाही, आणि म्हणूनच उत्सर्ग समितीचे महत्त्व साधुजीवनापुरते मर्यादित मानता येत नाही.

विसोबांचा प्रश्न देवाविना जागेचा आहे, जैन नियम जीवाविना जागेचा. पीएफएएसच्या बाबतीत दोन्ही कसोट्यांवर पृथ्वीवरची एकही जागा उतरत नाही, याला आता मापनाचा आधार मिळाला आहे. स्टॉकहोम विद्यापीठातील इयन कझिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगभरच्या पावसाच्या पाण्यातील नोंदी एकत्र केल्या. तिबेटचे पठार आणि अंटार्क्टिका यांच्यासह सर्वत्र पावसातले पीएफओएचे प्रमाण अमेरिकेच्या त्या वेळच्या पेयजलविषयक सल्ला-मर्यादेहून अधिक आढळले. समुद्र हा सर्व प्रवाहांचा शेवट आहे, तिथे पोचलेले परत येत नाही, अशी एक जुनी धारणा आहे आणि विसर्जनाची कल्पना तिच्यावर उभी आहे. हिंगोलीतील कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धा आणि प्राणहिता यांच्यामार्गे गोदावरीत जाते, पूर्णाही गोदावरीतच जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. परंतु लाटा फुटताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवर ही रसायने समुद्राच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात एकवटतात आणि वाऱ्याबरोबर पुन्हा जमिनीवर येतात, असे त्याच विद्यापीठातील संशोधनाने दाखविले आहे. विसर्जन केलेली वस्तू येथे परत येते.

सर्वव्यापित्वाच्या सिद्धान्तावर येथे एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देव जर सर्वत्र असेल तर तो पीएफओएच्या रेणूतही आहे. मग शुद्ध आणि अशुद्ध हा भेदच अज्ञानमूलक ठरतो आणि पाणी निर्मळ करण्याचा खटाटोप कशासाठी करावयाचा, असा हा आक्षेप आहे. अद्वैताच्या नावाने उदासीनतेचे समर्थन पुष्कळदा याच वाटेने झाले आहे. परंतु या वाटेने जाणारा विसोबांच्या कथेतला अर्धाच भाग उचलतो. सर्व जागा सारख्याच पवित्र आहेत याचा निष्कर्ष ‘म्हणून कुठेही काहीही टाकावे’ असा निघण्यासाठी पावित्र्याचा अर्थ ‘ज्याला काहीही इजा पोचत नाही ते’ असा करावा लागतो, आणि नामदेवांच्या परंपरेने तो अर्थ कधीही स्वीकारलेला नाही. मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गाडले गेले तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणण्याचे काम नामदेवांनी केले अशी परंपरा आहे. ईश्वर सर्वत्र आहे याचा अर्थ त्यांनी कोणतीही जागा टाकाऊ नाही आणि कोणताही देह टाकाऊ नाही असा घेतला, हे त्यांच्या आचरणावरूनच दिसते. पाण्याच्या बाबतीतही हाच अर्थ टिकणारा आहे.

आता शुद्धीकरणाच्या तंत्रांकडे वळता येईल, कारण त्यांत एक तात्त्विक भेद दडलेला आहे आणि तो नीट न ओळखल्यामुळे धोरणात मोठा घोटाळा होतो. न्याय-वैशेषिक दर्शनांनी अभावाचे, म्हणजे ‘नसण्याचे’, प्रकार काटेकोरपणे वेगळे केले. घडा फुटल्यावर त्याचा जो अभाव होतो तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ असतो, शेवट नसतो. जमिनीवरून घडा उचलून दुसरीकडे ठेवला तर त्या जमिनीवरही घड्याचा अभाव असतो, परंतु घडा जगात आहेच आणि तो परत आणून ठेवताच तो अभाव संपतो. काही नैयायिकांनी याला सामयिकाभाव असे वेगळे नाव दिले. ‘या पाण्यात पीएफएएस नाही’ हे एकच वाक्य या दोन्ही अर्थांनी खरे असू शकते, आणि दोन्ही अर्थांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आज प्रचलित असलेली बहुतेक तंत्रे सामयिकाभावाची आहेत. दाणेदार सक्रिय कोळशाच्या थरातून पाणी सोडले की लांब साखळीचे रेणू कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकतात. आयन-विनिमय रेझिन, म्हणजे विद्युत्भारित जागा असलेले बारीक मणी, त्यांना विद्युत् आकर्षणाने धरून ठेवतात. उलट परासरण, म्हणजे मराठवाड्यात जारच्या पाण्यामुळे घरोघरी माहीत झालेले आरओ, दाबाने पाणी पडद्यापार ढकलून त्यांना मागे ठेवते. आणि हवेचे बुडबुडे सोडून फेस वर आणण्याच्या पद्धतीत हे रेणू आपल्या साबणासारख्या स्वभावामुळे फेसाबरोबर वर येतात व फेस काढून घेता येतो. ही सर्व तंत्रे उपयुक्त आहेत आणि जिथे लोक आज दूषित पाणी पीत आहेत तिथे ती ताबडतोब लावणे हेच कर्तव्य आहे. परंतु कोळसा भरला की तो कुठे न्यायचा, आरओने मागे सारलेले पाणी कोणत्या नालीत सोडायचे, फेसाचा गाळ कुठे पुरायचा, हे प्रश्न जसेच्या तसे राहतात. भराव-क्षेत्रात टाकलेल्या कोळशातली रसायने पावसाबरोबर झिरपून भूजलात येऊ शकतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. शिवाय चार-पाच कार्बनांच्या लहान साखळीचे रेणू कोळशातून लवकर निसटतात, आणि लांब साखळ्यांवर निर्बंध आल्यावर उद्योग वळला तो नेमका त्यांच्याकडे.

हे काम किती बारीक आहे याची कल्पना येण्यासाठी एक हिशेब पाहता येईल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस यांची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम ठरविली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जांश. या मापाने एक ग्रॅम रसायन २५ कोटी लिटर, म्हणजे पाव दलघमी पाण्याला मर्यादेपर्यंत नेण्यास पुरते. हिंगोलीच्या सिद्धेश्वर धरणाला वरून पाणी पुरविणाऱ्या पूर्णा नदीवरील येलदरी धरणाचा एकूण साठा सुमारे ९३४ दलघमी आहे. तो सारा साठा या मर्यादेला पोचविण्यास चार किलोहूनही कमी रसायन पुरेल. असे घडले आहे असे नव्हे. एवढ्या पाण्यातून तेवढे चार किलो परत वेचून काढण्याचे काम कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातले नाही, हे मात्र या हिशेबातून दिसते, आणि म्हणून सांडल्यावर शुद्ध करू हे आश्वासन कोणी द्यावे आणि कोणी स्वीकारावे याचा विचार नीतीच्या अंगाने करावा लागतो.

प्रध्वंसाची तंत्रे वेगळी आहेत आणि ती अधिक रोचकही आहेत. पाणी ३७४ अंश सेल्सिअसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे २१८ पट दाबाखाली नेले की ते ना द्रव राहते ना वायू. या अतिक्रांत अवस्थेत प्राणवायूच्या साहाय्याने कार्बन-फ्लोरीन बंध काही सेकंदांत तुटतात. बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याच्या विद्युदग्रांवर विजेने ऑक्सिडीकरण करणे, तीव्र ध्वनिलहरींनी निर्माण होणाऱ्या बुडबुड्यांच्या स्फोटक उष्णतेचा उपयोग करणे, क्षारयुक्त गरम पाण्यात दाबाखाली रेणू मोडणे, हे मार्गही अभ्यासले जात आहेत. २०२२ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील विल्यम डिक्टेल यांच्या गटाने कॉस्टिक सोडा आणि डायमिथाइल सल्फॉक्साइड हा विद्रावक वापरून केवळ ८० ते १२० अंशांत पीएफओएच्या जातीची आम्ले मोडून दाखविली, कारण त्यांनी बळकट साखळीवर हल्ला न करता तिच्या टोकाचा कच्चा दुवा आधी तोडला. पीएफओएसच्या टोकाला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. या सर्व पद्धतींना मोठी ऊर्जा किंवा महाग साहित्य लागते, म्हणून आधी पहिल्या प्रकारच्या तंत्राने रसायन थोड्या पाण्यात एकवटायचे आणि मग ते मोडायचे असा क्रम आता मान्य होत आहे. सामयिकाभाव हा प्रध्वंसाकडे जाणारा टप्पा म्हणून समर्थनीय आहे. तोच मुक्काम मानला की ती फसवणूक होते.

नाश म्हणजे नेमके काय, याचे सांख्यांनी दिलेले उत्तर येथे विलक्षण नेमके ठरते. सत् वस्तू असत् होऊ शकत नाही, म्हणून कार्याचा नाश म्हणजे त्याचे आपल्या कारणात विलीन होणे, अशी सांख्यांची भूमिका आहे. पीएफएएस पूर्णपणे मोडले की कार्बन डायऑक्साइड आणि फ्लुराइड उरते. फ्लुराइड निरुपद्रवी नाही, याची जाणीव शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील फ्लोरोसिसग्रस्त गावांच्या अनुभवामुळे या भागाला करून द्यावी लागत नाही. परंतु ते पृथ्वीच्या ओळखीचे आहे, त्याला चुन्याशी संयोग घडवून कॅल्शियम फ्लुराइडच्या रूपात खाली बसविता येते, आणि हे कॅल्शियम फ्लुराइड म्हणजेच ते फ्लोरस्पार खनिज, ज्यातून या साऱ्या रसायनांचा फ्लोरीन मुळात काढला गेला होता. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली पीएफएएस हे पोटॅशियम फॉस्फेटबरोबर गोळ्यांच्या चक्कीत दळून मोडण्याची आणि सुटलेले फ्लुराइड पुन्हा वापरात आणण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कार्य कारणात परतले, एवढ्याच अर्थाने येथे शुद्धी हा शब्द पूर्णपणे सार्थ होतो. बाकी सर्व स्थलांतर.

स्थलांतराचा हा विषय मराठी वाचकाला दूरचा नाही. इटलीच्या व्हेनेतो प्रांतात विचेंझाजवळील त्रिस्सिनो येथे मितेनी नावाचा कारखाना होता. १९६० च्या दशकात एका वस्त्रोद्योग समूहाचे संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेला हा कारखाना पुढे पीएफओए आणि तत्सम रसायने बनवू लागला. २०१३ साली तेथील भूजल व पेयजल दूषित असल्याचे उघड झाले आणि सुमारे साडेतीन लाख लोकांच्या वस्तीचा प्रदेश त्याच्या कक्षेत असल्याचे दिसून आले. मुलांच्या रक्तात ही रसायने पाहिलेल्या मातांनी चळवळ उभारली, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जून २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवून मिळून १४१ वर्षांच्या कारावासाच्या शिक्षा सुनावल्या. हा पहिल्या पायरीचा निकाल असून त्यावर अपिलाला वाव आहे. दरम्यान, २०१९ साली मितेनीची यंत्रसामग्री आणि पेटंटे लक्ष्मी ऑर्गॅनिक इंडस्ट्रीज या भारतीय कंपनीच्या समूहाने लिलावात विकत घेतली आणि ती यंत्रे रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली गेली. ही खरेदी कायदेशीर व्यवहार होता, आणि एखाद्या कारखान्यावर दोषारोप करणे हा या विवेचनाचा उद्देश नाही. प्रश्न त्याहून मोठा आहे. एका देशाने जे आपल्या पाण्याला परवडत नाही असे ठरविले ते यंत्र बंद पडते तेव्हा ते नष्ट होत नाही, ते जिथे नियम अजून लिहिले गेले नाहीत अशा ठिकाणी जाते. गावकुसाबाहेरची जागा आता देशांच्या मापाने मोजली जाते. लोट्याच्या खाली दाभोळची खाडी आहे, तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणारे मच्छीमार आहेत, आणि औद्योगिक सांडपाण्याने मासे मरतात ही त्यांची तक्रार कित्येक वर्षांची आहे. पाय तिथे ठेवण्याआधी तिथे कोण आहे हे पाहावे, एवढेच विसोबांनी सुचविले होते.

या रसायनांनी कर्मविचारासमोर उभा केलेला प्रश्न याहूनही अवघड आहे. भारतीय दर्शनांत कर्मफलाची कोणतीही उपपत्ती दोन दोषांवरून तपासली जाते. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळता वाया जाणे हा कृतप्रणाश, आणि न केलेल्याचे फळ भलत्यालाच भोगावे लागणे हा अकृताभ्यागम. विश्वाची व्यवस्था नैतिक असेल तर हे दोन्ही घडू शकत नाहीत, अशी जवळजवळ सर्व दर्शनांची श्रद्धा आहे. पीएफएएस गर्भनाळेतून गर्भात जातात आणि आईच्या दुधातूनही बाळाला मिळतात. पीएफओए माणसाच्या रक्तात निम्मे होण्यास दोन ते चार वर्षे लागतात. पार्कर्सबर्गच्या परिसरातील सुमारे ६९ हजार लोकांची तपासणी करून शास्त्रज्ञांच्या समितीने पीएफओएचा संबंध मूत्रपिंड व वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्यांचा व्रणयुक्त दाह, गरोदरपणातला उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांच्याशी असण्याची शक्यता मान्य केली, आणि २०२३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. ज्यांनी १९५१ साली निर्णय घेतला त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत. फळ जन्माला येणाऱ्यांच्या वाट्याला आले आहे. दार्शनिकांनी जे असंभाव्य म्हणून तर्कात वापरले ते येथे उद्योगाची रीत म्हणून घडले.

यावर पूर्वजन्मीच्या कर्माकडे बोट दाखविणे हा सोपा मार्ग आहे आणि तो निःसंदिग्धपणे नाकारला पाहिजे. व्हेनेतोतील बालकाच्या रक्तात पीएफओए का आहे याचे कारण शोधण्यासाठी अदृष्टाची गरज नाही. कारखाना, नाला, भूजलाचा प्रवाह आणि नळ ही साखळी डोळ्यांना दिसणारी आहे, आणि दृष्ट कारण उपलब्ध असताना अदृष्ट कल्पू नये हा मीमांसकांचा आणि नैयायिकांचा जुनाच दंडक आहे. कर्मसिद्धान्त भोगणाऱ्याला गप्प बसविण्यासाठी वापरला जातो तेव्हा तो स्वतःच्याच नियमाचा भंग करतो. कर्त्याला फळापर्यंत परत नेणे हे त्या सिद्धान्ताचे खरे काम आहे, आणि येथे ते काम न्यायालय, भरपाई आणि शुद्धीकरणाचा खर्च उत्पादकाकडून वसूल करण्याचा कायदा यांच्यामार्फतच होऊ शकते.

असे असले तरी सर्वच पीएफएएसवर सरसकट बहिष्कार घालावा हे म्हणणे विचाराला धरून होणार नाही. रोगट रक्तवाहिनीच्या जागी बसविली जाणारी नळी अनेकदा टेफ्लॉनच्या एका रूपाची असते आणि तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. जगणे म्हणजे कुठे ना कुठे पाय ठेवणेच. विसोबांचे पायही शेवटी कुठे तरी टेकलेलेच होते. जानेवारी २०२३ मध्ये डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी युरोपीय रसायन संस्थेपुढे दहा हजारांहून अधिक पीएफएएसवर एकत्रित निर्बंधाचा प्रस्ताव ठेवला, आणि त्यातही पर्याय नसलेल्या वापरांना मुदतीची सवलत देऊ केली होती. भारत मात्र अजून या चर्चेच्या उंबरठ्यावर आहे: पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या २०१२ च्या भारतीय मानकात पीएफएएसची मर्यादा नाही, आणि जे मानकात नाही ते जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत तपासले जात नाही.

सवलत कोणाला द्यावी याची युरोपीय कसोटी ‘आवश्यकता’ ही आहे. उत्सर्ग समितीच्या अंगाने पाहिले तर तिच्या जोडीला दुसरी कसोटी हवी, ती परत गोळा करता येण्याची. शस्त्रक्रियेतील नळी मोजून बनते, नोंदवून बसविली जाते, तिचे कारखान्यातले अवशेष एका ठिकाणी राहतात आणि ते प्रध्वंसाच्या भट्टीपर्यंत नेणे शक्य असते. सेनगावच्या किंवा कळमनुरीच्या आठवडी बाजारात विकल्या जाणाऱ्या न चिकटणाऱ्या तव्यावरचा लेप, रेनकोटावरचा थर, तेलकट खाऊ गुंडाळायचा कागद हे वापरून झाल्यावर उकिरड्यात, शेतात, चुलीत विखुरतात आणि तिथून कोणीही त्यांना परत वेचू शकत नाही. सांडपाण्याच्या गाळातून हीच रसायने शेतात गेल्यामुळे अमेरिकेतील मेन राज्याला २०२२ साली असा गाळ खत म्हणून पसरण्यावर बंदी घालावी लागली. शेणखताच्या टंचाईमुळे शहरी गाळाकडे आशेने पाहणाऱ्या मराठवाड्याने ही गोष्ट आजच लक्षात घ्यावी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ उद्योगाला संमतीपत्र देताना किती पाणी घेणार आणि किती सोडणार हे विचारतेच. या कुळातील रसायनांच्या बाबतीत त्याच कागदावर, बनविलेल्या प्रत्येक किलोचा शेवट कोणत्या भट्टीत, कोणाच्या खर्चाने आणि किती वर्षांच्या आत होणार, हेही अर्जदाराकडून लिहून घ्यायला हवे, आणि ज्याला ते लिहिता येत नाही त्याचा अर्ज तिथेच थांबायला हवा.